मुकादम, नवऱ्याचं ऑपरेशन आणि भेटायला येणारी मंडळी

कोपऱ्यातली खुर्ची

आधीच सांगते, माकडाचं आणि आमचं बरं चाललंय. माणसांचं काय करायचं ते विचारायला धागा काढलाय.

आमच्याकडे पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन जातीचं माकड आहे. नर, विशी ओलांडलेला, वजन साडेतीन किलोच्या आसपास. मूळचा माझ्या चुलत सासऱ्यांचा. एक खासगी प्राणिसंग्रहालय बंद पडलं तेव्हा त्यांनी तो रीतसर कागदपत्रांसह घेतला. ते गेल्यावर तो, त्याचा खोलीएवढा जाळीचा पिंजरा आणि कागदांची जाडजूड फाईल असं सगळं आमच्याकडे आलं. नाव मुकादम. स्वतः काडी इकडची तिकडे करत नाही, पण कोण कुठे निघालं, कुणाच्या पिशवीत काय आहे, कुणाच्या बुटाची नाडी सुटलीय, सगळ्यावर देखरेख. माकडांच्या आश्रयस्थानात त्याचं नाव घातलेलं आहे. आयुष्यभर माणसांत राहिलेला एकटा नर दुसऱ्या माकडांत मिसळवणं सोपं नसतं, त्यामुळे नंबर लागेपर्यंत तो आमचाच. हे एवढ्यासाठी लिहिलं की 'आश्रयस्थानात का देत नाही' हा प्रतिसाद तरी वाचावा. (येणार तो येणारच, माहीत आहे.)

आता माणसं.

पहिल्यांदा घरी आलेला माणूस मुकादमला बघून एक तर दारातच थिजतो, नाही तर हात पुढे करून चुचकारत थेट त्याच्याकडे जातो. मधलं काही नाही. थिजणारे परवडले. कुरिअरवाला पार्सल फाटकावर अडकवून जातो, मला काही अडचण नाही. शेजारच्या बाई आमच्या बाजूने चालतच नाहीत. त्यांच्या दोरीवरचं काहीही हरवलं की संशयित ठरलेला असतो, त्या दिवशी वादळ का झालेलं असेना. तेही चालतं. डोक्याला ताप होतो तो प्रेमळ लोकांचा.

मुकादम भुवया पुढे ताणून, अंगावरचे केस फुलवून, तोंड वासून सुळे दाखवतो, आणि समोरचा म्हणतो, "अय्या, हसतोय बघा!" लगेच मोबाईल बाहेर. नवऱ्याचा एक मित्र त्याच्याशी डोळ्याला डोळा लावून 'कोण आधी पापणी मिटतं' खेळायला बसला. चांगला शिकलेला माणूस. भाचीला त्याला झबलं घालायचं आहे, दर सुट्टीत. आणि हस्तांदोलनाची हौस तर सगळ्यांनाच. कॅपुचिन स्वतःची लघवी तळहातावर घेऊन हातापायांना चोळतात, ही त्यांची जातीची सवय आहे. हे मी पाहुण्याला हस्तांदोलनाच्या आधी सांगितलं तर मी उद्धट, नंतर सांगितलं तर विश्वासघातकी.

काही जण त्याच्याकडे बघून अशा सुरात "बिचारा" म्हणतात की मला कटघऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. त्याच तोंडाने पुढचं वाक्य असतं, "खांद्यावर बसेल का? एक फोटो." आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरून मुकादमकडे बघून जी वाक्यं टाकली जातात ती इथे लिहीत नाही.

एरवी हे सगळं मी निभावून नेते. पण पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. घरी आल्यावर भेटायला रीघ लागणार. मुकादम कट्टर नवऱ्याच्या पक्षातला. त्याच्याशी कुणी जरा आवाज चढवून बोललं की हा धावत त्याच्या खांद्यावर, एकदा त्याच्या तोंडाकडे बघणार, झटकन मान वळवून समोरच्यावर तोंड वासणार, परत त्याच्याकडे, परत समोर. 'काढू का याला?' असं विचारल्यासारखं. नणंद भावाला थट्टेत रागावते तेव्हाही हेच. माझ्याशीही होतं, फक्त मी आता घाबरत नाही.

नवरा म्हणतो, लोक आले की पिंजऱ्यात ठेव. ठेवते. पण बोलण्याचे आवाज ऐकून तो जाळी गदागदा हलवतो, किंचाळतो, मग पाहुणे 'काय झालं, काय झालं' करत तिकडेच जातात. प्रत्येकाला धडा द्यायचा की त्याला दिसूच द्यायचं नाही? असा प्राणी आणि घरात आजारी माणूस, दोन्ही एकदम सांभाळलेलं कुणी आहे का इथे?

स्पष्टवक्ता

माकड ही घरात ठेवायची गोष्टच नव्हे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२६ पासून खासगी घरात माकड ठेवायला परवाना लागतो आणि निकष जवळजवळ प्राणिसंग्रहालयाचेच आहेत. असं सगळीकडे व्हायला हवं. पाहुण्यांना दोष देऊन काय उपयोग? तुमच्या घरात माकड आहे म्हणून ते बघतात.

कोपऱ्यातली खुर्ची

मला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे. आता ते विशीतल्या मुकादमला कोण सांगणार तेवढं ठरवा. तोवर गुडघ्याकडे वळूया का?

शेपूट आणि शिंग

पशुवैद्य आहे. घरातले कॅपुचिन मोजकेच पाहिलेत, पण ऑपरेशनच्या बाबतीत काही गोष्टी लिहितो. त्या पाहुण्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात मला.

सर्वांत आधी, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना घरात माकड आहे हे सांगा. लाजू नका. नवा सांधा बसवलेल्या माणसाला शरीरात दुसरीकडे कुठे जंतुसंसर्ग झाला, तर तो रक्तावाटे त्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे बोटावरचा साधा चावासुद्धा 'बघू उद्या' म्हणून सोडायचा नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हे पाहुण्यांनाही लागू.

दुसरं, टाके. माकडं एकमेकांचं अंग साफ करतात, त्यात खपल्या काढणं आलंच. मुकादमचा तुमच्या नवऱ्यावर जीव आहे म्हणता, म्हणजे तो प्रेमाने टाके उसवणार. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या पलंगावर त्याला प्रवेश नाही. 'मी आहे ना इथे, बघते' हे चालणार नाही. त्याचा हात तुमच्यापेक्षा जलद आहे.

तिसरं, औषधं. ऑपरेशननंतर वेदनाशामक गोळ्या उशाशी असतात. साडेतीन किलोच्या प्राण्याला माणसाची एक गोळीसुद्धा महागात पडू शकते. गोळ्यांचं पाकीट फोडणं कॅपुचिनच्या डाव्या हातचा मळ आहे, आणि मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून बनवलेल्या झाकणांवरही विसंबू नका. कुलपाचं कपाट, किल्ली तुमच्याकडे.

आणि पाहुणे. तुम्ही त्यांना मुकादमपासून वाचवायचं बघताय, मी उलटही सांगेन. क्षय, गोवर, फ्लू हे माणसाकडून माकडाला होतात. खोकणारा माणूस पेशंटला भेटायला नको तसा मुकादमलाही नको. क्षयाची चाचणी कधी केली होती? फाईल एवढी जाडजूड आहे तर त्यात असेल.

रुळांवरचा

माकड आणि पायाने अडलेला माणूस म्हटल्यावर राहवलं नाही. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

दक्षिण आफ्रिकेत, तेव्हाच्या केप वसाहतीत, युटेनहेग (आताचं कारिएगा) नावाचं स्टेशन होतं. तिथे जेम्स वाइड नावाचा सिग्नलमन होता. डब्यांवरून उड्या मारायची त्याला सवय होती, त्यात गाडीखाली सापडून १८७७ मध्ये दोन्ही पाय गेले. पुढे त्याने जॅक नावाचा चकमा बबून (आफ्रिकेतलं मोठं माकड) विकत घेतला. जॅक त्याची ढकलगाडी घरापासून सिग्नलपर्यंत ढकलायचा आणि हळूहळू इंजिनाच्या शिट्ट्या ओळखून सिग्नलचे दांडे ओढायलाही शिकला. वाइड जवळच असायचा, पण ओढायचा जॅक.

गंमत पुढे आहे. गाडी थांबली असताना एका प्रवासी बाईने खिडकीतून पाहिलं तर दांड्यावर बबून! तिने तक्रार केली. वरून साहेब आले, आणि वाइडची नोकरी जायची वेळ आली. शेवटी त्यांनी जॅकची परीक्षा घेतली, तो पास झाला आणि नोकरीवर राहिला. १८९० मध्ये तो क्षयाने गेला. (वरच्या डॉक्टरांचा मुद्दा!) त्याची कवटी ग्रॅहम्सटाउनच्या (आताच्या मखांडाच्या) अल्बनी संग्रहालयात आहे.

मला त्या बाईचं कधी हसू येत नाही. माझ्या गाडीचा सिग्नल बबून देतोय हे दिसलं असतं तर मीही उतरलो असतो.

कोपऱ्यातली खुर्ची

@शेपूट आणि शिंग: गोळ्यांचं डोक्यात आलंच नव्हतं. टाक्यांचं तर वाचून अंगावर काटा आला, कारण नवऱ्याच्या हातावरच्या साध्या ओरखड्यावरही तो मन लावून काम करतो. क्षयाची चाचणी फाईलमध्ये आहे, पण काकांच्या काळातली. नवीन करून घेते.

@रुळांवरचा: अवांतर अजिबात नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून 'मुकादमला वॉकर ढकलायला शिकवू' असं चाललंय. आता भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगणार, बघा.

वाटाड्या

ताई, मी काही वर्षं माकडांच्या आश्रयस्थानात काम केलं आहे. घरांतून आलेले कॅपुचिन बरेच हाताळले. आधी ते वॉकर ढकलण्याचं. बोस्टनमध्ये १९७९ पासून मणक्याला इजा झालेल्या लोकांसाठी कॅपुचिन शिकवले जात. पण ते लहानपणापासून, वर्षानुवर्षांच्या शिकवणीने. आणि मार्च २०११ पासून अमेरिकेच्या नियमांत सेवाप्राणी म्हणून माकड धरलंच जात नाही. विशीतल्या मुकादमला आता नोकरी लावू नका.

तुम्ही जी मान वळवण्याची गोष्ट लिहिलीत ती वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. जंगलातले पांढऱ्या तोंडाचे कॅपुचिन नेमकं हेच करतात. भांडणात मदत हवी असली की आपल्या साथीदाराकडे झटकन मान, परत शत्रूकडे. सुझन पेरी या संशोधक १९९० पासून कोस्टा रिकातल्या लोमास बार्बुदाल इथल्या कॅपुचिनांचा अभ्यास करताहेत. त्यांच्या कामात ह्या युतीच्या राजकारणाबद्दल भरपूर आहे. म्हणजे 'काढू का याला?' हा तुमचा अर्थ बराचसा बरोबर आहे, फक्त त्यात 'तू माझ्या बाजूने आहेस ना?' हेही असतं. आणि इथे किल्ली नवऱ्याच्या हातात आहे. त्या क्षणी तो काय करतो? माझा अंदाज, हसतो आणि पाठीवर हात फिरवतो. मुकादमच्या हिशेबाने तो पाठिंबा झाला. त्या क्षणी हसायचं नाही, हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. उलट पाहुण्याशी शांतपणे बोलत राहायचं. युतीतला दुसरा पक्षच गप्प बसला की याची हिंमत ओसरते. ऑपरेशनच्या आधी हे रोज करून बघा, नणंदबाईंना मुद्दाम बोलवून.

पाहुण्यांना धडा देऊ नका. मीही आधी द्यायचो. माकड समोर असताना माणसाला ऐकूच येत नाही, हे तिथे रोज बघितलं. एकच गोष्ट सांगा, तीही दाराबाहेर: 'आत माकड आहे, त्याच्याकडे बघू नका.' बस. का, कसं, लघवी, सुळे, काही नको. बघायचं नाही म्हटलं की डोळ्याला डोळा लागत नाही, हात पुढे होत नाही, मोबाईल निघत नाही. दहातले आठ ऐकतात. उरलेल्या दोघांना पेशंट झोपलाय म्हणून सांगायचं.

पिंजऱ्याचं असं आहे. तो किंचाळतो ते कोंडलं म्हणून कमी आणि आवाज येतोय पण दिसत काही नाही म्हणून जास्त असावं. त्याला दिसू दे, पण लांबून. पेशंटची खोली आणि पिंजरा यांच्या मध्ये एक दार आणि मोकळी जागा राहील अशी व्यवस्था होते का? जाळीला अर्ध्यापर्यंत कापड लावा. लपायचं की बघायचं हे त्याचं तो ठरवेल. आणि पाहुण्यांची वेळ ठरवून त्याच वेळी त्याला काम द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे गोळे, त्यात दडवलेले दाणे, कवचाची फळं. दिवसातलं सगळ्यात आवडीचं खाणं फक्त तेव्हाच. काही दिवसांत पाहुणे आले म्हणजे खोकं आलं असं त्याचं समीकरण बसतं. हे ऑपरेशनच्या आधीच बसवा, नंतर तुम्हाला वेळ मिळायचा नाही.

फळांवरून आठवलं. पेशंटला भेटायला येणारे द्राक्षं आणतात. ती मुकादमला दिसू देऊ नका. २००३ सालचा ब्रॉसनन आणि द वाल यांचा काकडी-द्राक्षांचा प्रयोग कॅपुचिनांवरचाच आहे. शेजारणीला द्राक्ष मिळतंय हे दिसलं की आधी मुकाट्याने खाल्लेली काकडी नाकारायचे. नवऱ्याला द्राक्ष आणि मुकादमला दाणे, हा तमाशा जाळीसमोर नको.

मधली सुट्टी

झबल्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. डिसेंबर २०१२ मध्ये टोरोंटोत एका फर्निचरच्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जपानी मकाक जातीच्या माकडाचं पिल्लू सापडलं होतं, अंगात छानदार लोकरी कोट. जगभर फोटो फिरला, लोक हसून लोटपोट. मीही हसले होते. नंतर तेच फोटो नीट बघितले. पिल्लू काचेला चिकटलेलं, घाबरून सैरभैर झालेलं. ते आश्रयस्थानात गेलं. मालकीणबाई कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये हरल्या. भाचीला ते फोटो दाखवा, कोट सोडून चेहऱ्याकडे बघ म्हणावं. माझ्या मुलीवर परिणाम झाला होता. निदान आठवडाभर.

स्पष्टवक्ता

@वाटाड्या: चांगला प्रतिसाद. पण तुम्ही जे सांगताय ते बघता एवढी यंत्रणा एका घरात उभी करावी लागते, हाच माझा मुद्दा आहे.

वाटाड्या

@स्पष्टवक्ता: माझाही तोच आहे. म्हणून तर आश्रयस्थानात काम केलं. पण तिथेही नंबर लागेपर्यंत प्राणी कुठे तरी राहतोच ना.

कोपऱ्यातली खुर्ची

वाटाड्या, नवरा खरंच हसतो आणि पाठीवर हात फिरवतो. तुमचा प्रतिसाद त्याच्यासमोर धरला तर म्हणाला, "मग काय करू, तो माझ्यासाठी भांडतो." मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याच्यासाठी भांडतेय, मला कधी पाठीवर हात मिळाला नाही, ते सोडा.

काल तालीम केली. नणंद आली, ठरल्याप्रमाणे भावावर ओरडली (तिला जरा जास्तच जमलं). मुकादम खांद्यावर, मान इकडे, मान तिकडे. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मुकादमने तीन-चारदा विचारून पाहिलं, मग खाली उतरला आणि नणंदेच्या पर्सची तपासणी करायला गेला. एवढ्यावर निभावलं हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं.

'बघू नका'चा प्रयोग गॅस दुरुस्तीवाल्यावर केला. तो बिचारा आख्खा वेळ जमिनीकडे बघत वावरला, शेगडीसुद्धा चाचपत शोधली. पण मुकादम जागचा हलला नाही.

अडचण एकच उरली आहे. पेशंटची खोली आणि पिंजरा यांच्यात दार आहे, पण ते सरकतं आहे आणि त्याला ते उघडता येतं. खिट्टी वरच्या बाजूला लावू की खाली?

शेपूट आणि शिंग

वर-खाली कुठेही लावा, तो पोहोचेल. पलीकडच्या बाजूला लावा. आणि ऑपरेशन व्हायच्या आधी वॉकर घरी आणून ठेवा. पेशंट ठकठक करत आला आणि मुकादमने ती वस्तू पहिल्यांदाच पाहिली, असं व्हायला नको. आधी रिकामा वॉकर कोपऱ्यात उभा, मग तुम्ही घेऊन चाला, मग नवऱ्याने.

कोपऱ्यातली खुर्ची

वॉकर आणला. कोपऱ्यात उभा केला. तासाभरात चारही पायांच्या रबरी टोप्या गायब.

शेपूट आणि शिंग

चारही सापडल्या का? गिळली असेल तर आतड्यात अडकू शकते. खाणं बंद केलं, उलटी झाली, पोट धरून बसला तर लगेच डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि टोप्या जादा आणून ठेवा. नाही तर वॉकर घसरून दुसरा गुडघा जायचा.

कोपऱ्यातली खुर्ची

तीन सोफ्याखाली मिळाल्या. मुकादम व्यवस्थित जेवला, पण तरी रात्रभर आम्ही आळीपाळीने जागलो. चौथी आत्ता सापडली. नणंदेचा फोन आला होता, विचारत होती की तिच्या पर्समध्ये हे रबराचं बूच कसलं आणि त्याला वास कसला येतोय. पहिल्याचं उत्तर दिलं.